कोण जिंकणार ते सोडा, टीम कुणाची ते बोला

फुटबॉलवर लिहितोय म्हणून आपल्यातल्याच काही जणांच्या कपाळावर आठ्या चढतील. चढू देत. चळवळीच्या पानावर बॉल कशाला, बॉलने काय क्रांती होणार का, असं विचारणाऱ्यांना माझा उलटा सवाल आहे. आपली पोरं रोज दोन-दोन तास ज्या गोष्टीवर जीव तोडून भांडतात ती गोष्ट तुमच्या विषयपत्रिकेवर का नाही? शिबिराला पोरं जमवायची तर चार-चार वेळा फोन लावावे लागतात, वर वडापाव सांगावा लागतो. मॅचवर भांडायला कुणी कुणाला निमंत्रण देत नाही. नालासोपारा पूर्वेला रिक्षाच्या लायनीत, वालीवच्या चहाच्या टपरीवर, विरार लोकलच्या दरवाजात लोंबकळताना एकच बोंब : चॅम्पियन कोण? मोहन बागान का गोवा? आपली मुंबई सिटी कितवी? कुणाचा डिफेन्स भिकार, कुणाचा परदेशी गडी दमला, कुठल्या कोचला हाकलायला पायजे...

मी ह्या भांडणातलाच आहे. बारा तास लूमच्या खडखडाटात उभं राहिल्यावर माणसाला कुठंतरी मोठ्याने ओरडावं लागतं, आणि सुपरवायझरवर ओरडलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर आपलं नाव नसतं. माझ्या शेजारच्या लूमवरचा पोरगा दहावी नापास. पण कुणाच्या किती मॅच उरल्यात, कुठल्या घरच्या मैदानावर नि कुठल्या बाहेर, दोघांचे पॉइंट सारखे झाले तर कोण वर जाणार, हे तो सूत जोडता जोडता बोटावर मोजून सांगतो. ह्याला गणित येत नाही असं कुठला मास्तर म्हणाला होता? त्या मास्तराला एकदा आमच्या टपरीवर आणा.

आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, मी त्यांना काका म्हणतो, मान ठेवून म्हणतो. ते म्हणतात, ही अफू आहे. काका, अफू प्यायलेला माणूस पेंगतो. ही पोरं पेंगत नाहीत, पुरावा मागतात. तू बोलतोस त्याला आधार काय, मागच्या पाच मॅचचा निकाल दाखव, असं एकमेकांच्या अंगावर जातात. एवढी चिकित्सा आपल्या सभेत भाषण करणाऱ्या पुढाऱ्याची झाली असती तर चळवळीचे इतके तुकडे झाले असते का?

तर माझं भांडण त्यांच्या भांडणाशी नाही. माझं भांडण प्रश्नाशी आहे. 'कोण जिंकणार' हा प्रश्न अर्धा आहे. त्याचा पुढचा भाग कुणीतरी कापून ठेवलाय. खेळायला आत कोण आलं, कुठल्या दाराने आलं, आणि ते दार कुणाच्या बापाचं? हे विचारल्याशिवाय चॅम्पियनचं नाव घेणं म्हणजे देवळाबाहेर उभं राहून आतला पुजारी कोण चांगला यावर भांडणं. आणि आता हा अर्धा प्रश्न टीव्हीतून उतरून आपल्या वस्तीत आलाय, जयंतीच्या फुटबॉल लीगच्या नावाने. त्याच्याकडे येतोच. आधी वरचं बघू, म्हणजे खालचं कळेल.

२०१० च्या डिसेंबरात भारतीय फुटबॉल महासंघाने रिलायन्स आणि आयएमजी ह्यांच्याशी पंधरा वर्षांचा करार केला, ७०० कोटींचा. त्यातून २०१४ ला इंडियन सुपर लीग उभी राहिली. आठ टीम. ह्या आठातली एकही टीम कुठली मॅच जिंकून आत आली नव्हती. जागा विकत घेतल्या होत्या. मुंबईच्या मालकांत रणबीर कपूर, पुण्याला वाधवान आणि हृतिक रोशन, गोव्याच्या मालकांत विराट कोहली, केरळच्या सचिन तेंडुलकर. वर्षाला कोट्यवधींची फी भरा आणि बसा. शेवटचा नंबर आला तरी बसा. खाली कुणी उतरवत नाही, खालचा कुणी वर येत नाही.

बसा. हा शब्द नीट ऐका दोस्तहो. वरचा कितीही भिकार खेळला तरी वर, खालचा कितीही जोरात खेळला तरी खाली. हे आपल्याला नवीन आहे का? हे आपण पुस्तकात नाही, गावकुसाबाहेर शिकलोय. १९२० साली मूकनायकाच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली, ती आपल्यातल्या प्रत्येक वक्त्याला पाठ आहे. मग जिना नसलेली लीग समोर आल्यावर ती ओळखू का येऊ नये? तिला जर्सी रंगीत आहे म्हणून?

आयझॉलचं ऐका. मिझोरामची छोटी टीम, ना बडा मालक ना सिनेमावाला. २०१५-१६ ला आय-लीगमध्ये खाली घसरलेली, पण पुन्हा घेतली गेली. २०१६-१७ ला बागानला हरवून, सगळ्यांच्या छाताडावर बसून देशाची चॅम्पियन झाली. त्या वेळी आय-लीग हीच देशाची अधिकृत लीग होती. कोच होता खालिद जमील. मुंबई एफसी सात वर्षं सांभाळून २०१६ ला बाहेर पडलेला. गंमत बघा, त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली, आणि त्याने डोंगरातली पोरं घेऊन देश जिंकला. (हाच माणूस २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या टीमचा कोच झाला, तेव्हा टपरीवर चहा फुकट होता. पैसे मी दिले.)

तर त्याच २०१७ ला सुपर लीग आठाची दहा टीमची झाली. चॅम्पियन आयझॉलला आत घेतली असेल? च्यायला, कुठली! बेंगळुरू आणि टाटांची जमशेदपूर ह्यांनी बोली भरली, त्या आत. चॅम्पियन दाराबाहेर. आयझॉलवाल्यांनी उपोषणाचं हत्यार काढायची भाषा केली. देशाचा विजेता, आणि त्याला आम्हाला आत घ्या म्हणून उपाशी बसायची पाळी! पुढच्या वर्षी मिनर्व्हा पंजाब चॅम्पियन, त्याच्या पुढच्या वर्षी चेन्नई सिटी, मग २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी लागोपाठ दोनदा केरळची गोकुलम. सगळे चॅम्पियन. सगळे दाराबाहेर. २०२२-२३ चा मोसम जिंकून पंजाब वर गेली तेव्हा कुठे पहिल्यांदा खालचा माणूस जिंकून वर चढला. लीग सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. आणि वरचा खाली? २०२४-२५ ला मोहमेडन तळाला होती, तीही राहिली. त्या मोसमापर्यंत एकही टीम खाली उतरलेली नाही. म्हणजे जिना झाला तोसुद्धा एकाच दिशेचा, आणि एका वेळी एकानेच चढायचा. आमच्या मिलमध्ये शंभरातल्या एका कंत्राटी कामगाराला पर्मनंट करतात आणि त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लावतात, तसं.

'खेळात जात नसते' असं म्हणणारा एक तरी भेटतोच. बहुतेक तो विंडो सीटवर बसलेला असतो. त्याला पालवणकर बाळू सांगा. धारवाडला जन्मलेला हा चांभाराचा पोरगा पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर पीच रोलायला, जाळी बांधायला होता. साहेब लोकांना नेटमध्ये तासन्‌तास बोलिंग टाकायची, बॅट मात्र हातात मिळायची नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायची हौस आली तेव्हा बाळू आठवला. त्याने टाकलेला बॉल सगळ्यांनी हातात घेतला. चहाच्या सुट्टीत त्याचा चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं पान वेगळं. १९०६ ला मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना लोळवलं त्यात बाळू होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ह्या गड्याने शंभराच्या वर विकेटी काढल्या. कप्तानी? एकदाही नाही. ती १९२३ ला धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली, आणि तीसुद्धा त्याआधी भावंडांनी उघड भांडण मांडलं होतं म्हणून.

काही जण लगेच म्हणतील, हा तोच बाळू ना, जो १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला? होय, तोच. पडला. त्याचा हिशेब मुंबईच्या मतदारांनी मतपेटीत केला. पण त्याचं राजकारण चुकलं म्हणून त्याच्या हातात दिलेलं मातीचं भांडं पवित्र होत नाही.

आणि त्या काळात मुंबईचं पब्लिक कशावर भांडत होतं? हिंदू जिंकणार का पारशी, मुसलमान का युरोपियन! टीम धर्मावर पाडलेल्या. १९३७ ला पाचवी टीम घातली, तिचं नाव काय तर 'द रेस्ट', म्हणजे उरलेसुरले. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन सगळे उरलेसुरल्यांत. वसईच्या पश्चिमेकडचे आपले ख्रिस्ती दोस्त हे ऐकून हसतील. त्या उरलेसुरल्यांतल्या विजय हजारेने १९४३ च्या फायनलला हिंदूंविरुद्ध टीमच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. तेव्हाही हजारोंनी पब्लिक भांडत होतं. पैजा लागत होत्या. पण त्या पैजा लावणाऱ्यांपैकी कितीजणांनी विचारलं असेल, की बाळूचा चहा कुठं ठेवलाय?

आता मालकाचं बोलू. हे मला जास्त कळतं.

आमचा आजा परळला साचेखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडला, आणि आजा परत कधी आत गेला नाही. तो म्हणायचा, आमाला वाटायचं गिरणी कापडासाठी हाय, मालकाला ठावं व्हतं गिरणी जमिनीसाठी हाय. आजा परळवरून नालासोपाऱ्याला आला, बिनपरवाना चाळीत, जिथं पावसाळ्यात घरात पाणी आणि उन्हाळ्यात नळाला वारा. त्याची गिरणी होती तिथं आता काचेच्या इमारती आहेत. मी एकदा बाहेरून बघून आलो. आत जायला माणूस बॅग तपासतो.

टीमचंही हेच आहे. महिंद्र युनायटेड, १९६२ ची टीम, २००५-०६ ला देशाची चॅम्पियन. २०१० ला कंपनीने कुलूप लावलं. मुंबई एफसी २०१७ ला घसरली आणि गुंडाळली. एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद, तिची जागा उचलून हैदराबादला नेली. हैदराबाद २०२२ ला चॅम्पियन झाली, तिथली पोरं रात्रभर नाचली असतील, आणि तीन वर्षांत तीही टीम दिल्लीला हलवली. कुणाला विचारून? पुण्यातली जी पोरं नारिंगी जर्सी घालून पाच वर्षं घसा फोडत होती त्यांच्या सहीचा एक तरी कागद होता का? आपल्या मुंबई सिटीचे ६५ टक्के २०१९ ला मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे अबूधाबीच्या पैशाने, घेतले. आपण दोनदा कप जिंकला, २०२१ ला आणि २०२४ ला, अंधेरीला जाऊन नरडी कोरडी केली. २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी हात झटकले आणि निघून गेले. त्याआधी जुलैत तर लीगच थांबवली होती, कारण तो पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि नवा ठरत नव्हता. काही क्लबांनी गड्यांचे पगार रोखले. टपरीवर पोरं भांडत होती कोण जिंकणार, आणि तिकडे मॅच होणार की नाही हे कुणाला माहीत नव्हतं!

मला ह्यात धक्का बसला नाही. आम्हाला कंत्राटदार 'ब्रेक' देतो तेव्हा असाच देतो. सोमवारी येऊ नका, कळवू.

तुम्ही म्हणाल, हे जगभर असंच आहे. नाही. इथं मला आपल्या मँचेस्टर-लिव्हरपूलची जर्सी घालून फिरणाऱ्या पोरांशी बोलायचंय. १८ एप्रिल २०२१ ला युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी जाहीर केलं की आम्ही आमची वेगळी सुपर लीग काढणार. त्यात पंधरा कायमचे सभासद, कितीही हरले तरी आतच. म्हणजे अक्षरशः आपल्याकडे २०१४ पासून जे चालू होतं तेच. काय झालं तिकडे? लंडनला चेल्सीचे पाठीराखे स्टेडियमबाहेर रस्त्यावर बसले, टीमची बस अडवली. आपल्याच टीमची बस! आपलीच टीम कायमची वर बसणार होती, तरी त्यांनी अडवली. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब माघारी फिरले. ज्यांची जर्सी तू घालतोस, त्यांनी ज्या गोष्टीसाठी बस अडवली, तीच गोष्ट तुझ्या देशात झाली तेव्हा तू तिकीट काढून टाळ्या वाजवत होतास. जर्सी घेतलीस, पण बस अडवायची अक्कल काय सेलमध्ये नव्हती?

जर्मनीत तर नियमच आहे की थोडे अपवाद सोडले तर क्लबच्या मतांत निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हातात पाहिजे. सभासद म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे वर्गणी भरणारे. पैसेवाला येऊ दे, पैसे घालू दे, पण शेवटचं मत त्याचं नाही. म्हणजे हे स्वप्न नाही, चाललेली गोष्ट आहे.

आता वस्तीत या.

गेल्या महिन्यात जयंतीच्या तयारीची मीटिंग झाली. एका भावाने कागद काढला. या वर्षी फुटबॉलची लीग. मी खूश झालो. आठ टीम. अजून खूश. मग पुढचं वाचलं : आठ टीमना आठ मालक, मालकाने पंधरा हजार भरायचे, पोरांचा स्टेजवर लिलाव, बेस प्राइस पाचशे रुपये. मालक कोण? दोन बिल्डर, एक पाण्याचे टँकर पुरवणारा, एक केबलवाला, बाकीचे नगरसेवक व्हायची स्वप्नं बघणारे. जर्सीवर वरती बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि खाली मालकाचा मोठा. माप दिलेलं होतं कागदावर. मी वाचून दाखवलं तर म्हणाले, मापाचं नंतर बघू.

लिलाव! बाबासाहेबांच्या जयंतीला माणसांचा लिलाव! अस्पृश्यता ही गुलामगिरीपेक्षा कशी वाईट हे ज्या माणसाने जगाला मांडून दाखवलं त्याच्या फोटोपुढे पोरगा उभा करायचा, आणि टँकरवाल्याने बोलायचं, हजार एक, हजार दोन! ज्या टँकरवाल्याचं पाणी आपण महिन्याला विकत घेतो, तो आता आपली पोरंही विकत घेणार.

'अरे हा शब्द आहे नुसता, आयपीएलमध्ये पण लिलाव असतो,' असं मला सांगितलं गेलं. असतो. २००८ पासून आहे. सुपर लीगनेही २०१५ ला केला, सुनील छेत्री एक कोटी वीस लाखाला मुंबई सिटीकडे गेला. पण छेत्रीच्या हातात पैसे आले. तुमच्या कागदावर पोराला काय मिळणार? जर्सी. बोलीचे पैसे कमिटीला. म्हणजे मालही तोच आणि फुकटही तोच.

आणि 'नुसता शब्द' काय करतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. पलीकडच्या वस्तीत मागच्या वर्षी असाच क्रिकेटचा लिलाव झाला. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं स्टेजवर उभं, इस्त्री केलेला शर्ट घालून. माईकवाला तीनदा ओरडला, कुणी बोट वर केलं नाही. मग तो हसत म्हणाला, 'अनसोल्ड.' पब्लिक हसलं. पोराची आई खाली खुर्चीवर बसली होती, ती पण आधी सगळ्यांबरोबर हसली, मग तिला कळलं. आपल्या बापजाद्यांना गावात बाजूला सारत होते ते जातीच्या नावाने. इथं आपणच माईक लावून सारायचं, आणि वर डीजे लावायचा.

प्रश्न पैशाचा आहे, हे मला मान्य. मैदान नाही हेही मान्य. जी मोकळी जमीन होती तिथं एक तर बिल्डिंग आहे नाहीतर लग्नाचा मांडव. टर्फवर खेळायचं तर तासाचे पैसे, जाळीच्या बाहेर चप्पल घालून उभं राहून बघणाऱ्या पोरांना वॉचमन हाकलतो. म्हणून मालक पायजेत असं म्हणता. आठ मालक गुणिले पंधरा हजार, एक लाख वीस हजार. मी विचारलं, मागच्या जयंतीला डीजे आणि लायटिंगचा खर्च किती? कुणी आकडा बोललं नाही. हिशेबाची वही कुणाच्या तरी घरी होती आणि तो गावाला गेला होता. आपल्या वस्तीत सहाशेच्या आसपास घरं आहेत. घरटी शंभर रुपये म्हणजे साठ हजार. त्यात बॉल येतात, लोखंडी पाइपाचे गोलपोस्ट वेल्डिंग करून मिळतात (ते काम आपल्याच तीन नंबर गल्लीतला माणूस करतो), पाणी येतं, रेफ्रीला मानधन येतं. जर्सी नाही आली तर बनियनवर नंबर लिहा. मोहन बागानने १९११ ला गोऱ्यांच्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड घेतली तेव्हा अकरातल्या दहा जणांच्या पायात बूट नव्हते.

टीम गल्लीची करा. मालक नको, वर्गणीदार पायजेत. कप्तान पोरांनी निवडायचा. आणि जिना ठेवा. वरच्या चार टीम, खालच्या चार टीम, दर वर्षी वरची शेवटची खाली आणि खालची पहिली वर. पोरींची टीम वेगळी धरून नका ठेवू पुढच्या वर्षासाठी, याच वर्षी. ज्याला कुठल्याच टीमने घेतलं नाही असा एकही पोरगा शिल्लक राहता कामा नये, राहिला तर नववी टीम करा. बिल्डरला मदत करायची असेल तर त्याने शंभर रुपये द्यावेत, पावती मिळेल.

काही जणांना हे भाबडं वाटेल. त्यांनी नागपूर बघावं. २००१ ला हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं बघितली आणि त्यांना बॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, त्यातली पोरं बेघरांच्या वर्ल्ड कपपर्यंत गेली. नागराज मंजुळेने २०२२ ला त्यावर 'झुंड' काढला. आपण सगळ्यांनी बघितला, शिट्ट्या मारल्या, पडद्यावर जयंतीची मिरवणूक आली तेव्हा थेटरात जयभीम घुमला. माझी तक्रार एवढीच की आपली पोरं खेळली की त्याला लगेच सुधारणा म्हणतात, पुनर्वसन म्हणतात. साहेबांची पोरं खेळली की ते करिअर. पण नागपूरच्या त्या पोरांना कुणी स्टेजवर उभं करून बोली लावली नव्हती. बॉल दिला आणि बाजूला झाले.

काकांना मी हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'लिलाव मोडायचा असेल तर मीटिंगला तुमच्या टपरीवरची पोरं आण, कविता नको वाचूस.' पटलं. म्हणून हे गद्यात लिहिलंय.

तर टपरीवरच्या भावांनो, पुढच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता विहारात दुसरी मीटिंग आहे. आयझॉलसाठी भांडता तेवढंच भांडायला या. आजवरच्या जयंत्यांच्या खर्चाची वही मागा, मालकांची यादी मोठ्याने वाचायला लावा, आणि लिलावाचा मुद्दा मतदानाला टाका. हात वर करून, एकाला एक मत. ज्याची दुसरी पाळी आहे त्याने अदलाबदल करून घ्यावी, मी माझी केलीय.

चार नंबर गल्लीची टीम तयार आहे. दहा जण झालेत, गोलकीपर मिळालेला नाही. उंचीची अट नाही.